विश्लेषण : विंडोज १० चा आधार संपला, गावातल्या जुन्या संगणकावर लिनक्स चालेल का?

सातबारा काढायचा आहे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, पीक विम्याची पावती छापून हवी आहे. अशा वेळी इंदापूर तालुक्यातील शेळगावसारख्या गावात लोक आधी झेरॉक्सचे दुकान किंवा महा ई-सेवा केंद्र गाठतात. तिथला संगणक बऱ्याचदा सात-आठ वर्षांचा जुना असतो. घरी मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉपही त्याहून नवा असतोच असे नाही. असे कितीतरी संगणक विंडोज १० वर चालत आले आहेत आणि या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवा संगणक लगेच परवडत नाही आणि जुना तसाच वापरणे धोक्याचे, अशा पेचात लिनक्सचे नाव पुढे येते. ते मोफत आहे आणि जुन्या यंत्रावर चालते, हे खरे. पण ते बसवल्यावर प्रिंटर हलला नाही किंवा अंगठ्याचे यंत्र ओळखले गेले नाही, तर दुकानाचे काम त्याच दिवशी ठप्प होते. म्हणून प्रणाली बदलण्याआधी ड्रायव्हरचा विचार करावा लागतो.

विंडोज १० चा आधार संपला म्हणजे काय झाले?

संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, छपाईही होते. मात्र मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या थांबतात. नंतर सापडलेली एखादी फट तशीच उघडी राहते. ज्या संगणकावर गावातल्या लोकांचे आधार क्रमांक, बँक पासबुकांच्या प्रती आणि ओटीपी येत-जात असतात, तिथे ही बाब किरकोळ नाही.

घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा योजना जाहीर केली. त्यात नाव नोंदवलेल्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, असे तेव्हा सांगण्यात आले. दुसरा मार्ग विंडोज ११ चा. पण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूटची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीचा आय-३ किंवा आय-५ असलेला संगणक चांगला चालत असला, तरी अधिकृतपणे अपात्र ठरतो. यंत्र धडधाकट आणि प्रणाली निवृत्त, अशी ही स्थिती आहे.

लिनक्स म्हणजे काय? कोणते घ्यावे?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये एक कर्नल, म्हणजे संगणक प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला. तो सर्वांना पाहता, बदलता आणि वाटता येईल अशा परवान्याखाली खुला झाला. आज जगातले बहुतांश सर्व्हर त्यावर चालतात. तुम्ही हा मजकूर अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर तुमच्या हातातही लिनक्सचाच कर्नल आहे.

या गाभ्याभोवती खिडक्या, मेनू, ब्राउझर, ऑफिस वगैरे रचून वेगवेगळ्या संस्था तयार संच देतात. त्यांना 'डिस्ट्रो' म्हणतात. विंडोजची सवय असलेल्यांना लिनक्स मिंट जवळचे वाटते, कारण त्याचा मेनू खालच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात असतो. उबुंटूची मांडणी थोडी वेगळी आहे, मात्र अडचण आली तर मदत सहज सापडते. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटू २४.०४ ला आणि त्यावर आधारलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दोन्ही मोफत आहेत.

मिंट किमान २ जीबी रॅमवर चालते. पण ब्राउझर नीट वापरायचा असेल तर ४ जीबी हवीच. रॅम कमी असेल तर मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी. प्रोसेसर ६४ बिटचा असणे मात्र आवश्यक आहे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर संगणकाचा वेग इतका वाढतो की प्रणाली बदलण्यापेक्षाही तो फरक आधी जाणवतो.

ड्रायव्हर म्हणजे नेमके काय?

ट्रॅक्टर एकच असतो. त्याच्या मागे आज रोटाव्हेटर, उद्या फवारणीचा पंप लागतो. इंजिनाची ताकद पीटीओ शाफ्टमधून अवजारापर्यंत जाते. पण शाफ्टचा जोड जुळला नाही तर इंजिन कितीही दमदार असो, अवजार फिरत नाही. संगणकात हा जोड म्हणजे ड्रायव्हर. प्रणालीने 'हे पान छाप' म्हटले, की त्याचे रूपांतर त्या विशिष्ट प्रिंटरला कळणाऱ्या सूचनांमध्ये करणारा छोटा प्रोग्राम तो.

विंडोजमध्ये ड्रायव्हर बहुधा यंत्र बनवणारी कंपनी देते. पूर्वी खोक्यात सीडी यायची, आता संकेतस्थळावरून उतरवतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच समाविष्ट असतात. त्यामुळे कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह, इंटेलचे ग्राफिक्स, आवाज, केबलचे नेटवर्क हे सगळे काहीही न बसवता चालू लागते. अडचण येते ती ज्या कंपनीने आपल्या यंत्राची माहिती खुली केली नाही किंवा लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिला नाही तिथे. काही वायफाय चिप, एनव्हिडियाची ग्राफिक कार्डे, काही लेझर प्रिंटर आणि बोटांच्या ठशांची यंत्रे ही नेहमीची ठिकाणे.

प्रिंटरचा आणि मुक्त सॉफ्टवेअरचा संबंध काय?

ही चळवळच एका प्रिंटरपासून सुरू झाली असे म्हणता येईल. अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. तिथल्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना संगणकावर निरोप जाईल, अशी सोय त्यांनी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून केली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यातही कागद अडकायचा. पण सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड मिळाला नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने गोपनीयतेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला.

आपल्या टेबलावरचे यंत्र आपल्याला दुरुस्त करता येऊ नये, हे स्टॉलमन यांना पटले नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. पुढे ग्नूची साधने आणि टोरवाल्ड्सचा कर्नल एकत्र आले आणि आजची प्रणाली उभी राहिली. चाळीस वर्षांनंतरही गावातल्या दुकानदारासमोरचा प्रश्न तोच आहे : हे यंत्र माझे, मग ते कोणत्या प्रणालीवर चालावे हे कोण ठरवणार?

बसवण्याआधी काय तपासावे?

कागद घ्या आणि संगणकाला जोडलेल्या प्रत्येक यंत्राचे नाव व मॉडेल लिहून काढा : प्रिंटर, स्कॅनर, वेबकॅम, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, बारकोड वाचक. विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून वायफाय आणि ग्राफिक कार्डचे नावही टिपून घ्या. ते मॉडेल आणि त्यापुढे 'लिनक्स' असा शोध घेतला, तर बहुतेक उत्तरे दहा मिनिटांत मिळतात.

दुसरी यादी कामांची करा. ब्राउझरमध्ये होणारी कामे, म्हणजे सातबारा पाहणे, अर्ज भरणे, व्हॉट्सॲप वेबवर ग्राहकाने पाठवलेली पीडीएफ उतरवून छापणे, ही लिनक्सवरही तशीच होतात. फायरफॉक्स आधीच असतो आणि क्रोमही मिळतो. वर्ड-एक्सेलच्या फाइल लिबरऑफिसमध्ये उघडतात. मात्र गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी किंचित हलू शकते. फोटोशॉप आणि टॅली यांची लिनक्स आवृत्ती नाही. पासपोर्ट फोटोसाठी 'गिंप' हा पर्याय आहे, पण हात बसायला वेळ लागतो.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. सगळी कागदपत्रे, फोटो, हिशेब, ब्राउझरमधील पासवर्ड आणि खुणा बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. ती डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून फाइल उघडतात का ते पाहा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की लिहून घ्या.

न बसवता चाचणी घेता येते का?

येते, आणि लिनक्सची ही सर्वांत उपयोगी सोय आहे. मिंट किंवा उबुंटूची आयएसओ फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. तिचा आकार काही जीबी असतो, त्यामुळे मोबाइलचा रोजचा डेटा संपण्याची शक्यता धरून चाला. 'रुफस' किंवा 'बलेना एचर' या मोफत साधनाने ती १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहा. पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे विसरू नका.

पेन ड्राइव्ह लावून संगणक पुन्हा सुरू करा आणि सुरू होतानाच बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोवोवर ती बहुधा एफ १२ असते, एचपीवर एफ ९, तर आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. थोड्या वेळात लिनक्स पडद्यावर येते. याला 'लाइव्ह' प्रकार म्हणतात. तुमच्या डिस्कवरचे विंडोज आणि फाइल जशाच्या तशा राहतात. पडदा काळाच राहिला, तर पुन्हा सुरू करून यादीतला 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा.

आता आधीची यादी समोर ठेवून एकेक यंत्र लावा. वायफाय जोडले जाते का? यूट्यूबवर आवाज येतो का? प्रिंटर लावून एक पान छापा, स्कॅनरवर एक कागद ठेवा. लॅपटॉप मिटवून उघडा, तो जागा होतो का पाहा. पेन ड्राइव्हवरून प्रणाली जरा संथ चालते. वेगावरून मत बनवू नका. अर्ध्या तासाची ही चाचणी पुढचा मनस्ताप वाचवते.

प्रत्यक्ष बसवताना चुका कुठे होतात?

पहिली चूक विजेची. डिस्कची विभागणी सुरू असताना वीज गेली तर माहिती जाऊ शकते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच ठेवा. डेस्कटॉप यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घ्या.

दुसरी चूक 'इरेज डिस्क' हा पर्याय न वाचता निवडण्याची. त्याने विंडोज आणि सर्व फाइल जातात. दोन्ही प्रणाली हव्या असतील तर 'विंडोजशेजारी बसवा' अशा अर्थाचा पर्याय घ्यावा. त्याआधी विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. काही नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तिथे बायोसमध्ये 'इंटेल आरएसटी' चालू असते. ते घाईने बदलले तर विंडोज सुरू होत नाही, म्हणून हे काम जाणकाराला सोबत घेऊनच करावे.

तिसरी जागा ड्रायव्हरची. उबुंटू बसवताना ग्राफिक्स आणि वायफायसाठी इतर कंपन्यांचे सॉफ्टवेअर बसवायचे का, असे विचारले जाते. तिथे खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. त्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. अनेक जण गोंधळून 'कंटिन्यू बूट' दाबतात. मग ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण चालत नाही आणि दोष लिनक्सला दिला जातो.

दोन प्रणाली ठेवल्यावर कधीकधी विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. हा बिघाड नव्हे. लिनक्स संगणकाच्या आतील घड्याळात जागतिक वेळ नोंदवते, विंडोज तीच स्थानिक समजते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की प्रश्न मिटतो.

वायफायच दिसत नसेल तर ड्रायव्हर आणायचा कसा?

ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, अशी ही कोंडी. गावात केबलचे नेटवर्क जवळ असेलच असे नाही. पण खिशातला फोन मदतीला येतो. फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा आणि फोनच्या सेटिंगमधील 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लिनक्सला तो केबलच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि इंटरनेट लगेच चालू होते. केबल मात्र डेटा वाहणारी हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात.

त्यानंतर आधी सर्व अपडेट घ्या. मग मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा. संगणकातली ब्रॉडकॉम वायफाय चिप किंवा एनव्हिडियाचे कार्ड ओळखून तिथे पर्याय दाखवले जातात. 'रेकमेंडेड' लिहिलेला निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून बसवण्याची विंडोजमधली सवय इथे शक्यतो सोडावी. प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून घेतलेला ड्रायव्हर पुढच्या अपडेटबरोबर जुळून राहतो. बाहेरून आणलेला तुटण्याची शक्यता अधिक असते.

एवढे करूनही वायफाय चालले नाही, तर लिनक्सवर चालणारा छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर घेणे हा तासन्‌तास झगडण्यापेक्षा स्वस्त उपाय ठरतो.

प्रिंटर आणि स्कॅनरचे काय?

लिनक्समध्ये छपाईची जबाबदारी 'कप्स' या व्यवस्थेकडे असते. अलीकडचे बरेच प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापण्याचा खुला प्रकार ओळखतात. मोबाइलवरून थेट छापणारा वायफाय प्रिंटर असेल, तर तो लिनक्सवरही बहुधा अडत नाही.

जुन्या प्रिंटरमध्ये फरक पडतो. एचपी स्वतः लिनक्ससाठी 'एचपीलिप' हा खुला संच देते. पण लेझरजेट १०२० सारख्या काही मॉडेलना त्याखेरीज कंपनीचे बंद प्लगइन लागते. ते न घेतल्यास प्रिंटर यादीत दिसतो, पान पाठवले जाते, पण कागद हलत नाही. एचपीलिपच्या खिडकीतून प्लगइन उतरवले की काम होते. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या अनेक प्रिंटरसाठी लिनक्सचे ड्रायव्हर उपलब्ध आहेत. कॅननच्या एलबीपी २९०० या आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या प्रिंटरला 'कॅप्ट' हा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो आणि त्याची जुळणी किचकट आहे. तुमच्या दुकानाचा गाडा त्याच प्रिंटरवर चालत असेल, तर लाइव्ह चाचणीत पान छापून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्कॅनरसाठी 'सेन' ही व्यवस्था असते. 'छपाई होते म्हणजे स्कॅनही होईल' असे गृहीत धरू नका. थ्री-इन-वन यंत्रात दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे असू शकतात.

मराठी टंकलेखन होईल का?

युनिकोडमध्ये होईल, आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. सेटिंगमधील कीबोर्डच्या भागात जाऊन मराठी जोडले, की इन्स्क्रिप्ट मांडणी मिळते. 'आयबस' आणि 'एम१७एन' हे संच बसवले तर उच्चारानुसार टंकलेखनही करता येते. देवनागरी फाँट आधीच असतात. २००४ मध्ये खुला झालेला 'लोहित' हा त्यातला जुना. तो घडवण्यात पुण्यातील मंडळींचा वाटा मोठा आहे. मेनूदेखील बऱ्याच अंशी मराठीत दिसू शकतात. स्वयंसेवकांनी केलेल्या या भाषांतराची गुणवत्ता मात्र सगळीकडे सारखी नाही.

अडचण जुन्या पद्धतीची आहे. ज्यांचा हात रेमिंग्टन मांडणीवर बसला आहे, आणि जे युनिकोडपूर्व फाँटमध्ये अर्ज, करारनामे, लग्नपत्रिका तयार करतात, त्यांचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजसाठीच असते. त्या फाइलमधला मजकूर फाँट नसेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. फाँट बसवून तो वाचता येईल. पण कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. प्रणाली बदला किंवा न बदला, हे काम कधीतरी करावेच लागणार आहे.

अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सही?

इथे सावधपणे पाऊल टाकावे. आधारशी जोडलेल्या ठशांच्या यंत्राला केवळ ड्रायव्हर पुरत नाही. त्याबरोबर 'आरडी सर्व्हिस' नावाची प्रमाणित सेवा चालू असावी लागते. ती यंत्र बनवणारी कंपनी देते आणि प्रामुख्याने विंडोज व अँड्रॉइडसाठी देते. पीएम किसानची ई-केवायसी किंवा आधारवरून पैसे काढून देण्याचे काम ज्या संगणकावर होते, तिथली प्रणाली बदलण्याआधी कंपनीकडे लिनक्सबद्दल स्पष्ट विचारावे. काही कामे अँड्रॉइड फोनला यंत्र जोडूनही होतात.

डिजिटल सहीच्या टोकनचे दोन भाग तपासावे लागतात. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, हा पहिला. ज्या पोर्टलवर सही करायची त्याचे सही करणारे साधन लिनक्सवर चालते का, हा दुसरा. पहिला जमला तरी दुसरा अडू शकतो. लेखापाल किंवा ग्रामपंचायतीचे काम पाहणाऱ्यांनी म्हणूनच निदान एक संगणक विंडोजवर ठेवणे शहाणपणाचे.

सरकारी पातळीवर लिनक्सचा अनुभव काय?

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्युशन्स ही डेबियनवर आधारित प्रणाली आणली. तिच्यात मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने त्याहून आधी शाळांमधील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. तिथे 'काइट' ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेला स्वतःचा संच शाळांना देते. गोव्यातही २००० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून शाळांना देण्याचा प्रयोग झाला.

केरळच्या अनुभवातून एक गोष्ट दिसते. तिथे सॉफ्टवेअर देऊन संस्था थांबली नाही. शिक्षकांना प्रशिक्षण आणि अडचण आली तर मदतीची व्यवस्था दिली. आपल्याकडे एमएस-सीआयटीपासून सरकारी टंकलेखन परीक्षेपर्यंत हात विंडोजवर बसलेला असतो. पोर्टलसोबतची साधनेही अनेकदा विंडोज गृहीत धरूनच तयार होतात. धोरण खुल्या सॉफ्टवेअरचे आणि ठशाच्या यंत्राची सेवा विंडोजची, हा विरोधाभास गावातला दुकानदार एकटा सोडवू शकत नाही. यंत्रांना मान्यता देताना लिनक्सचा ड्रायव्हरही मागितला गेला, तरच तो सुटेल.

मग निर्णय कसा घ्यावा?

घरचा लॅपटॉप अभ्यास, ब्राउझर, व्हिडिओ आणि साध्या टंकलेखनासाठी असेल, तर लाइव्ह चाचणी घेऊन लिनक्स निर्धास्त बसवावे. शाळेच्या संगणक कक्षातील जुनी यंत्रेही याच गटात येतात.

दुकानात दोन संगणक असतील, तर छपाई आणि अर्ज भरण्याचा संगणक आधी बदलावा. अंगठा, सही आणि टॅली यांचा संगणक विंडोजवर ठेवून त्याची वाढीव सुरक्षा योजनेत नोंद करावी किंवा त्याच्या जागी विंडोज ११ चे यंत्र आणण्याची तयारी करावी. एकच संगणक असेल, तर दोन्ही प्रणाली शेजारी ठेवून महिनाभर लिनक्सवर काम करून पाहावे. विंडोजकडे कितीदा आणि कशासाठी परत जावे लागले, ते वहीत टिपून ठेवावे. महिनाअखेर ती वही बघितली की निर्णयासाठी कोणाला विचारावे लागणार नाही.

आणि पुढच्या वेळी प्रिंटर, स्कॅनर किंवा अंगठ्याचे यंत्र घ्यायला बारामतीला किंवा पुण्याला गेलात, तर किंमत विचारण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा : याला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का? हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले, की उत्तरही बदलू लागेल.